तळहातावरचा वास

(पंढरपूर येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



या व्याख्यानाचा विषय मी कळवला त्या दिवशी संध्याकाळीच मालेच्या कार्यवाहांचा फोन आला. त्यांनी नकार दिला नाही. एवढंच विचारलं, "सरांच्या नावानं चालणाऱ्या मालेत, पंढरपुरात, बिअरवर बोलणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. या गावात लाखो माणसं गळ्यात तुळशीची माळ घालून येतात, आणि माळ गळ्यात पडली की दारू सुटते. त्या माळेनं कितीतरी संसार सावरले आहेत. माझं आजोळ त्यांतलंच एक. त्यामुळे इथं कुणाला काही प्यायला सांगावं, असं माझ्या मनातही येणार नाही. मी बोलणार आहे ते बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉप नावाच्या वेलीबद्दल, तिच्या वाणांबद्दल, आणि वाण बदलला की चव कशी बदलते त्याबद्दल. ही वेल आपल्याकडे होत नाही. पण तिच्यामागे माणसांनी जे कष्ट घेतले, ते द्राक्षाच्या मांडवाखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला लगेच कळतील.

आणि हा विषय मला दिला तोही सरांनीच.

ही माला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेच्या मागच्या कट्ट्यावर तुळस होती. नव्या वर्गाचा पहिला तास तिथं व्हायचा. प्रत्येकाच्या हातावर एक मंजिरी ठेवायची, ती तळव्यावर चोळायला लावायची, आणि मग विचारायचं, कसला वास येतो? "तुळशीचा" हे उत्तर त्यांना चालत नसे. ते म्हणत, "ते तर नाव झालं. वास सांगा." मग कुणी लवंग म्हणायचं, कुणी मिरी, कुणी ओली माती. फळ्यावर ती सगळी उत्तरं लिहून सर सांगायचे की तुम्ही सगळे बरोबर आहात, कारण तुळशीत लवंगेतलं युजेनॉल आहे आणि मिरीतलं कॅरिओफिलीनही आहे. पुढं पुण्यात खाद्यपदार्थांच्या गंधरसायनांवर तीस वर्षं काम केलं, त्याचा पाया त्या कट्ट्यावर घातला गेला.

नोकरीत असताना एकदा हॉपची वाळलेली फुलं कागदी पुडीत बांधून मी त्यांच्याकडे आणली होती. मनात धाकधूक होती. सर माळकरी. पण त्यांनी पुडी उघडली, दोन फुलं घेतली, तळहातावर रगडली आणि डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही आपल्या मंजिरीच्या भावकीतली दिसते." नाकानं त्यांनी कॅरिओफिलीन ओळखलं होतं. वनस्पतिशास्त्रात हॉपचं कूळ तुळशीचं नाही, ते गांजाचं आहे. पण गंधाची नाती कुळावर ठरत नाहीत. ती रेणूंवर ठरतात.

आता वेलीकडे वळतो. हॉप ही बहुवर्षायू वेल आहे. हिवाळ्यात ती जमिनीपर्यंत मरून जाते आणि वसंतात गड्ड्यातून पुन्हा फुटते. तिला ताणे नसतात. खोडावरच्या आकडेदार लवीच्या आधारानं ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळत तारेवर चढते आणि भर हंगामात दिवसाला वीतभर वाढते. युरोपात तिचे मांडव सात मीटर उंच असतात. नराची झाडं वेगळी, मादीची वेगळी, आणि शेतात लावतात ती फक्त मादी. तिच्या फुलाला शंकूचा आकार असतो. त्याच्या पाकळ्या उलगडल्या की देठाशी पिवळीधमक चिकट भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. हॉपची किंमत म्हणजे या भुकटीची किंमत. बाकीचं फूल हे तिचं वेष्टन.

या भुकटीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक अल्फा आम्लं. ती कच्ची असताना पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळली की त्यांच्या रेणूची मांडणी बदलते आणि ती कडू होतात. हा कडूपणा माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, गोडीला तोलतो आणि पेय नासवणाऱ्या जिवाणूंना अटकावही करतो. बाराव्या शतकात हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या जर्मन साध्वीनं नोंदवून ठेवलं होतं की हॉपमुळे पेयं टिकतात. त्यामागचं कारण कळायला पुढं शेकडो वर्षं गेली. दुसरी गोष्ट म्हणजे सुगंधी तेल. फुलाच्या वजनात त्याचा वाटा टक्का-दोन टक्के, फार तर तीन. पण त्यात शेकडो रेणू असतात. मिरसीन, ह्युम्युलीन, कॅरिओफिलीन, फार्नेसीन, लिनालूल, जिरॅनिऑल ही त्यांतली ठळक नावं. यांचं प्रमाण प्रत्येक वाणात वेगळं असतं, आणि वाणाची ओळख त्या प्रमाणातच असते.

हे तेल उडून जाणारं आहे. म्हणून ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, हॉप एकदम टाकत नाही. कडूपणासाठीचा हॉप उकळीच्या सुरुवातीला जातो आणि त्याचा वास वाफेबरोबर निघून जातो. वासासाठीचा शेवटी टाकतात, आच बंद करताना किंवा पेय आंबून थंड झाल्यावर. आमटीत मोहरी आधी तडतडते आणि कोथिंबीर उतरवताना पडते, ते याच कारणानं. हा क्रम चुकला की उत्तम वाणही वाया जातो.

आता प्रश्न असा की वाणांची गोष्ट सांगताना मी लागर का निवडली. बिअरची दोन मोठी घराणी आहेत, एल आणि लागर. एल उबेत आंबते आणि तिच्या यीस्टमधून फळांचे, मसाल्यांचे वास आपसूक येतात. लागर थंडीत आंबते, साधारण आठ ते तेरा अंशांवर, आणि मग शून्याच्या आसपास आठवडेच्या आठवडे पडून राहते. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवणं, नाव त्यावरूनच पडलं. तिचं यीस्ट दोन जातींच्या संकरातून झालेलं आहे. त्यातल्या थंडी सोसणाऱ्या जातीचा पत्ता 2011 साली दक्षिण अमेरिकेतल्या पातागोनियाच्या जंगलात लागला. हे यीस्ट स्वतःचा वास फारसा सोडत नाही. फिकट माल्टही गप्प असतो. त्यामुळे लागरमध्ये हॉपला लपायला जागा नसते. भरली वांगी मसाल्यावर निभावून जातात. नुसत्या वरण-भाताला तांदूळ चांगलाच लागतो. लागर वरण-भातासारखी आहे.

या साधेपणाचा जन्म चेक देशातल्या पिल्झेन गावी झाला. 1838 साली तिथल्या नागरिकांनी खराब झालेल्या बिअरची 36 पिंपं नगरपालिकेच्या इमारतीसमोर ओतून दिली. मग त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला. 5 ऑक्टोबर 1842 रोजी त्यानं पहिला घाणा घातला. फिकट माल्ट, पिल्झेनचं अतिशय मऊ पाणी, थंड तळघर, आणि शेजारच्या झातेत्स गावचा हॉप. आपल्या बोअरच्या जड पाण्यात हाच हॉप घशाला टोचला असता. मऊ पाण्यात तो गोलसर उतरला. सोन्याच्या रंगाची, नितळ पिल्सनर तिथून जगभर गेली. आज जगात खपणारी बहुतेक बिअर तिच्याच वंशातली आहे.

झातेत्सच्या या हॉपला जर्मन लोक साझ म्हणतात. त्यात अल्फा आम्लं अवघी तीन-चार टक्के. पण त्याच्या तेलात फार्नेसीन भरपूर, आणि वास मातीचा, वाळल्या गवताचा, किंचित मसालेदार. तो अंगावर येत नाही. मागं उभा राहतो. विसाव्या शतकात कारेल ओस्वाल्ड नावाच्या संशोधकानं या जुन्या वाणाच्या शेतांतून हिंडून एकेक निरोगी, सरस वेल निवडली. त्यांतल्या 31, 72 आणि 114 क्रमांकाच्या निवडींवर चेक हॉपशेती उभी राहिली. इथं बसलेल्या बागायतदारांना मी वेगळं काय सांगू? आपल्या जिल्ह्यात नान्नजला नेमकं हेच झालं. थॉमसन सीडलेसच्या बागेत एखादी वेल वेगळी दिसली, लांबट मण्यांची. तिला खूण केली, तिच्या काड्या लावल्या आणि सोनाका उभा राहिला. किशमिश चोर्नीच्या बागेत अशीच वेल सापडली, ती शरद सीडलेस. ओस्वाल्डला प्रयोगशाळा होती. आपल्या माणसाकडे डोळा होता आणि धीर होता. झातेत्सच्या हॉपच्या परिसराला युनेस्कोनं 2023 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. नान्नजच्या त्या बागांसमोर साधी पाटी तरी असावी, असं मला मनापासून वाटतं.

बव्हेरियातल्या हालरटाऊ प्रदेशाची गोष्ट अधिक दुःखाची आहे. जगातला हॉपचा सर्वांत मोठा सलग पट्टा तो. तिथला जुना वाण मिटेलफ्रू. त्यात फार्नेसीन जवळजवळ नाही, ह्युम्युलीन खूप, आणि वास फुलांचा, ओल्या लाकडाचा. साझ आणि मिटेलफ्रू दोन्ही सौम्य आणि कुलीन. पण एकाच माल्टच्या दोन लागरींमध्ये ते ठेवले की एक शेताच्या बांधावर नेतो आणि दुसरा झाडीत. या मिटेलफ्रूला मर रोगानं ग्रासलं. बागा उखडाव्या लागल्या. हॉपच्या रोगांशी झगडण्यासाठीच 1926 मध्ये ह्यूल इथं संशोधन केंद्र निघालं होतं. मर सोसणारे नवे वाण तिथूनच आले. डाळिंबावर तेल्या आला तेव्हा सांगोल्यात बागा तोडताना पाहिलेल्या माणसाला त्या शेतकऱ्यांची अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळं काही घडत होतं. 1916 साली कॅनडातल्या मॅनिटोबाच्या रानातून एक जंगली हॉप इंग्लंडच्या वाय कॉलेजात गेला होता. त्याच्या संकरांतून कडू, जोरकस वाण निघाले, पण त्यांचा वास तेव्हाच्या ब्रुअरांना रानटी वाटायचा. अमेरिकी वासाबद्दलचा हा आकस फार काळ टिकला. 1956 मध्ये ओरेगनमध्ये केलेल्या एका संकरातून निवडलेला कॅस्केड 1972 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. सुरुवातीला त्याला कुणी विचारेना. पुढं मिटेलफ्रू मिळेनासा झाला तेव्हा पर्याय म्हणून तो मोठ्या कारखान्यांनी लागरमध्ये घातला. पण कॅस्केड कुणाची जागा भरायला जन्मला नव्हता. त्याच्या तेलात निम्मं मिरसीन, वास पपनसाच्या सालीचा, फुलांचा, राळेचा. 1980 नंतर छोट्या ब्रुअरींनी हाच वास पुढं आणला आणि क्राफ्ट बिअर नावाची चळवळ त्यावर वाढली. ज्या गुणाला दोष म्हणून बाजूला सारलं होतं, त्याची किंमत पन्नास वर्षांत कळली. वाणसंवर्धन करणाऱ्यानं म्हणूनच नको असलेली रोपं फेकताना घाई करू नये.

न्यूझीलंडनं साझलाच आईबाप धरून नवे संकर केले. मोटुएकात लिंबाचा वास आला, रिवाकात पपनसाचा. 2000 साली त्यांनी नेल्सन सॉव्हिन हा वाण आणला. त्याचं नाव सॉव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षावरून ठेवलं, कारण वास तसाच, पांढऱ्या द्राक्षाचा. योगायोग असा की त्याच 2000 साली नाशिकला सुलाच्या वायनरीतून त्या द्राक्षाची पहिली वाईन बाहेर पडली. हॉप आणि द्राक्ष यांचं काही नातं नाही. पण दोघांमध्ये थायोल नावाचे गंधकाचे रेणू असतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, इतकेही नाकाला पुरतात. जर्मनीतल्या ह्यूलनं 2012 मध्ये मँडारिना बव्हारिया आणि हालरटाऊ ब्लाँ हे दोन वाण दिले. एकात संत्र्याचा वास, दुसऱ्यात पांढऱ्या द्राक्षाचा. दोन्ही कॅस्केडच्या मुली. ज्यांनी नाक मुरडलं होतं त्यांच्याच अंगणात त्या नांदायला आल्या.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. हाताला लागलं ते पुण्यात. 2009 मध्ये तिथं डुलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीचं पर्व उघडलं. त्यानंतरच्या वर्षांत एका छोट्या ब्रुअरीच्या तरुण ब्रुअरनं माझ्याकडे मदत मागितली. मी त्याला एक प्रयोग सुचवला. एकच माल्ट, एकच पाणी, एकच यीस्ट. वीस-वीस लिटरची तीन भांडी. कडूपणा मोजून सारखा केला. वासाचा हॉप मात्र वेगळा: साझ, कॅस्केड, नेल्सन सॉव्हिन. लिटरमागे दोन ग्रॅम. पाच आठवडे थंडीत ठेवलं. मग ब्रुअरीतल्या सगळ्यांना, अगदी टाक्या धुणाऱ्या मावशींनाही, तीन पेले दिले. त्या पीत नव्हत्या. त्यांनी नुसता वास घेतला. पहिल्याला म्हणाल्या, "कडब्याची गंजी." दुसऱ्याला, "पपनस सोलल्यावानी." तिसऱ्या पेल्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, "द्राक्षाच्या बागेत कामाला जायचे, तिथला." प्रशिक्षित पंचांच्या तक्त्यांनी आठवडाभरानं जे सांगितलं, ते त्यांनी मिनिटभरात सांगितलं होतं. तिन्ही पेल्यांचा रंग एकच होता. नुसतं पाहून कुणी तीन वेगळ्या बिअरी मानल्या नसत्या.

त्याच कामात माझ्याकडून एक चूक झाली. उरलेल्या साझची पुडी मी गाडीच्या डिकीत विसरलो आणि एप्रिलमध्ये सोलापूरला येऊन गेलो. तीन दिवसांनी पुडी उघडली तर कुजक्या चीजचा, घामट मोज्यांचा वास. उष्णता आणि हवा लागली की अल्फा आम्लं तुटतात आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं. झातेत्सच्या शेतकऱ्याचं वर्षभराचं काम मी तीन दिवसांत संपवलं होतं. तेव्हापासून हॉपची पुडी माझ्या घरी फ्रीजमध्येच असते.

आपल्याकडे हॉप का होत नाही, असं मला दर वेळी विचारतात. उत्तर सूर्याकडे आहे. हॉपला भरघोस फुलायला उन्हाळ्यातले पंधरा-सोळा तासांचे दिवस लागतात आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. पंढरपूरचा सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडाच पुढे जातो. भारतात काश्मीरमध्ये तो एकोणिसाव्या शतकात लावला गेला, आणि हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात 1970च्या दशकापासून. लाहौलमध्ये लेट क्लस्टर, गोल्डन क्लस्टर असे जुने अमेरिकी वाण लावले. पण वासाचे वाण आजही बाहेरूनच येतात. ज्या देशांतून येतात तिथंही चिंता आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासानं 2050 पर्यंत तिथल्या पारंपरिक सुगंधी वाणांचं उत्पन्न 4 ते 18 टक्क्यांनी आणि अल्फा आम्लं 20 ते 31 टक्क्यांनी घटतील, असा अंदाज मांडला. उन्हाळे तापले, पाऊस वेळेवर येईना. साझसारखा नाजूक वाण हे सर्वांत आधी सोसतो.

मग आपल्याला या वेलीचा उपयोग काय? मला एक गोष्ट आज स्पष्ट सांगायची आहे. हॉपच्या बाजारात वासाला भाव आहे. ब्रुअर शेतावर येतो, फुलं तळहातावर रगडतो, नाक लावतो आणि त्या वासावर सौदा करतो. एका वाणाच्या दोन शेतांतला फरक तो नाकानं निवडतो. आपल्या द्राक्षाच्या सौद्यात काय पाहतात? मण्याची फुगवण, रंग, ब्रिक्स म्हणजे गोडी. जीएची, म्हणजे जिबरेलिक आम्लाची, डिपिंग नीट झाली का, घड एकसारखा आहे का. वास कुणी घेत नाही. बेदाण्याच्या सौद्यात रंग पाहतात, हिरवा की पिवळा. जे मोजलं जात नाही ते निवडलं जात नाही, आणि निवड थांबली की वाणातला गंध पिढ्यान्‌पिढ्या विरत जातो. थॉमसनच्या निवडींत आपण मणी लांबवला. त्याबद्दल मला आदरच आहे, त्यावर हजारो घरं उभी आहेत. पण मस्कत जातीच्या द्राक्षात जे लिनालूल दरवळतं, जे हॉपमध्येही आहे, त्याच्यासाठी आपण एकही रांग राखून ठेवली नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेनं एआरआय-516 हा रसाचा वाण काढला, कटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून. त्याच्या रसाला स्वतःचा वास आहे. अशा वाणाला बाजारात वेगळं नाव आणि वेगळा भाव मिळत नसेल, तर तो दोष वाणाचा नाही.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. आपण ते ज्वारीत केलेलं आहे. मोहोळच्या केंद्रातून निघालेली मालदांडी 35-1 भाकरीसाठी, आणि हुरड्यासाठी गूळभेंडी. मंगळवेढ्याचा शेतकरी या दोन्हींची कधी गल्लत करत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भाकरी तव्यावर टाकताच मालदांडी आहे की नाही हे माझी आई वासावरून सांगायची. ती शाळेत गेली नव्हती.

सर गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांचं नाक जवळजवळ गेलं होतं. वय झालं की गंधही ओसरतो. मी नव्या हॉपची पुडी नेली होती. त्यांनी सवयीनं फुलं चोळली, नाकाशी नेली आणि मान हलवली. काही येत नव्हतं. मग तळहात माझ्यापुढं केला आणि म्हणाले, "तू सांग." मी सांगत गेलो, कडबा, मिरी, थोडी ओली माती. ते एकेका शब्दाला मान डोलवत राहिले.

बाहेर पडताना दाराशी टेबलावर चार पुड्या ठेवल्या आहेत. एकीत साझ, दुसरीत कॅस्केड, तिसरीत नेल्सन सॉव्हिन, चौथीत सरांच्या कट्ट्यावरच्या तुळशीची मंजिरी. नावं पुडीच्या तळाशी लिहिली आहेत. दोन फुलं तळहातावर घ्या, चोळा, डोळे मिटून वास घ्या. नाव नंतर वाचा. शेजारी वही आहे, त्यात जो वास आला तो आपल्या शब्दांत लिहा.